खडीच्या ढिगात हाडे शोधणारा डॉक्टर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ससेक्स परगण्यात ल्यूइस नावाचे एक लहानसे गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथला एक डॉक्टर रात्री-अपरात्री आजूबाजूच्या खेड्यांत व्हिजिटला जात असे. कुठे बाळंतपण अडलेले, कुठे टायफॉइड, कुठे गिरणीत हात सापडलेला मजूर. रोगी तपासून झाला की हा डॉक्टर घरच्यांना एक चौकशी हमखास करायचा. इथे जवळपास कोणी खाण खणतंय का, विहीर खोदतंय का, चुन्याची भट्टी आहे का? परतताना बहुतेक वेळा त्याच्याजवळ दगड असत. गिडियन मँटेल हे त्याचे नाव. डायनोसॉर हा शब्द जगात नव्हता, तेव्हा त्या प्राण्याची हाडे ओळखणाऱ्या पहिल्या दोन-तीन माणसांपैकी तो एक. पाठीचा कणा तपासण्याची एक साधी पद्धत डॉक्टर आजही वापरतात. तिच्याशीही त्याचा संबंध आहे, मात्र डॉक्टर म्हणून नव्हे, रोगी म्हणून.

मँटेलचा जन्म ३ फेब्रुवारी १७९० चा, ल्यूइसमधलाच. वडील चांभार, जोडे बनवणारे. ते प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथाचे असल्यामुळे मुलाला गावातल्या मोफत शाळेचे दार बंद होते. तो दुसरीकडे शिकला. लहानपणी ओढ्याच्या पाण्यात त्याला शंखासारखा गुंडाळलेला एक दगड दिसला, तो अमोनाइट होता, म्हणजे फार पूर्वी नष्ट झालेल्या समुद्री प्राण्याचे कवच. तेव्हापासून हा नाद लागला असे सांगतात. पंधराव्या वर्षी तो गावातल्या सर्जनकडे उमेदवार म्हणून राहिला. औषधाच्या बाटल्या धुणे, गोळ्या वळणे, दात उपटणे, जखमा बांधणे असे करत पाच वर्षे गेली. मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलात शिक्षण आणि १८११ मध्ये सर्जनची सनद. परत येऊन तो आपल्या जुन्या गुरूचाच भागीदार झाला.

त्याची प्रॅक्टिस दांडगी होती. साथीच्या दिवसांत रोज पन्नास-साठ रोगी पाहावे लागत. वर्षाला दोन-अडीचशे बाळंतपणे तो करी, आणि त्यात आई दगावल्याचे प्रसंग त्या काळाच्या मानाने फारच थोडे. जंतू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. १८२६ मध्ये ल्यूइसच्या कोर्टात एका बाईवर नवऱ्याला आर्सेनिक घातल्याचा आरोप आला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. तिच्याबरोबरच्या पुरुषाला फाशी दिलीही गेली. प्रेतात विष सापडले म्हणून जी चाचणी कोर्टापुढे आली होती, तिच्यावरून आर्सेनिक सिद्ध होत नाही, असे मँटेलने ठामपणे मांडले. बाई सुटली. पुढच्या वर्षी त्याने या विषयावर एक पुस्तिकाच काढली. पुरावा कशाला म्हणायचे याबद्दल हा माणूस किती कडक होता, ते इथे दिसते. दगडांच्या बाबतीतही त्याचा हाच स्वभाव कामी आला.

दगड गोळा करणारे हौशी लोक त्या काळात पुष्कळ होते. बहुतेकांचे संग्रह म्हणजे काचेच्या कपाटातली शोभा. मँटेलचे वेगळेपण असे की, वस्तू मिळाली की तो आधी जागा विचारी. कोणत्या खाणीतली, किती खोलीवरची, वर कोणता थर होता, खाली कोणता? त्यासाठी त्याला परगण्यातली प्रत्येक खाण माहीत हवी होती, आणि डॉक्टरकीमुळे ती आपोआप माहीत होत गेली. ल्यूइसच्या भोवती खडूच्या टेकड्या आहेत. तिथला पांढरा दगड भाजून चुना करत. भट्टीवाले रोज नवी दरड फोडत, आणि तिच्यातून समुद्री प्राण्यांची कवचे, मासे, शार्कचे दात निघत. मँटेल या मजुरांना सांगून ठेवी की असे काही दिसले तर फोडू नका, बाजूला ठेवा, पैसे देईन. आणि तो खरोखर देई. खडूत अडकलेला मासा तो रात्री घरी बसून बारीक हत्याराने कण-कण खरवडून असा मोकळा करी की, चपटा झालेला नव्हे, तर अंगापिंडाने भरलेला पूर्ण मासा दिसे.

खडूच्या टेकड्या संपून उत्तरेकडे वील्ड नावाचा सखल, रानाचा मुलूख लागतो. तिथला दगड निराळा, तांबूस-तपकिरी वाळूचा. १८२० च्या सुमारास मँटेलचे लक्ष ल्यूइसपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या ककफील्ड गावाजवळच्या एका खाणीकडे गेले. व्हाइटमन्स ग्रीन हे त्या जागेचे नाव. रस्त्यावर घालायच्या खडीसाठी तिथे दगड काढत. या दगडात समुद्रातले जवळजवळ काहीच मिळेना. मिळत होती ती झाडांची खोडे, नेच्यांची पाने, गोड्या पाण्यातले शिंपले, कासवे, मगरीसारख्या प्राण्यांचे दात आणि काही अवाढव्य हाडांचे तुकडे. हा समुद्राचा तळ नव्हे, मोठ्या नदीच्या मुखाचा प्रदेश असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो बरोबर ठरला. खाणीवर रोज जाणे त्याला शक्य नव्हते. तिथल्या खाणवाल्याशी त्याने बोली केली, आणि हाडांची पुडकी टपालगाडीने ल्यूइसला येऊ लागली.

आपल्याकडेही हीच तऱ्हा आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हाच्या काळ्या दगडाचा, त्यात हाडे कुठली मिळणार? पण त्या दगडाच्या पोकळ्यांत स्टिलबाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक असतात, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत गडद निळा कॅव्हनसाइट मिळाला, आणि जगभरच्या संग्रहालयांत हे नमुने आहेत. ते आधी दिसतात खडी फोडणाऱ्याला आणि विहीर खणणाऱ्याला. डायनोसॉरची हाडे हवी असतील तर लाव्हाच्या खालचा थर जिथे उघडा पडला आहे तिथे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यासारख्या गावी जावे लागते. कोणता दगड कुठे उघडा आहे हे कळल्याशिवाय नुसते हिंडून काही सापडत नाही.

१८१६ मध्ये मँटेलने मेरी ॲन वुडहाउस या विशीतल्या मुलीशी लग्न केले होते. त्याचे पहिले मोठे पुस्तक, ससेक्सच्या टेकड्यांतल्या जीवाश्मांवरचे, १८२२ मध्ये निघाले. त्यातली चित्रे छपाईसाठी कोरण्याचे काम मेरी ॲनने शिकून घेतले आणि शेकडो आकृत्या स्वतः कोरल्या. लहान मुले, घरभर पसरलेले दगड आणि रात्र-रात्र जागणारा नवरा सांभाळून तिने हे केले. पुस्तकाचे कौतुक झाले, राजाने चार प्रती मागवल्या, पैसे मात्र बुडाले.

त्याच पुस्तकाच्या काळात ते प्रसिद्ध दात मिळाले. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, मँटेल ककफील्डकडे एका रोग्याला पाहायला आत गेला असताना मेरी ॲन बाहेर पाय मोकळे करत होती, आणि रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगात तिला एक चकचकीत तपकिरी दात दिसला. गोष्ट छान आहे, पण तिच्यावर फार भार देता येत नाही. मँटेलने स्वतः निरनिराळ्या वेळी निरनिराळे सांगितले, आणि अशा दातांपैकी काही त्याच्याकडे आधीच आलेले होते असे दिसते. दात कोणी उचलला यापेक्षा तो कसा होता हे महत्त्वाचे. मोठा, रुंद, आणि माथ्यावर चावून-चावून सपाट झिजलेला. गाईचे, घोड्याचे दात असे झिजतात. सरपटणारे प्राणी घास तोडून गिळतात, चावत बसत नाहीत. मग पाला चावणारा हा प्रचंड प्राणी कोण?

मँटेलने दात लंडनच्या जाणत्यांना दाखवले. विल्यम बकलंड हा ऑक्सफर्डचा मोठा भूशास्त्रज्ञ. त्याच्यासह बहुतेकांचे मत पडले की हे माशाचे दात असावेत, नाहीतर वरच्या अलीकडच्या गाळातल्या एखाद्या सस्तन प्राण्याचे. १८२३ मध्ये चार्ल्स लायलने एक दात पॅरिसला नेऊन जॉर्ज क्युव्हिएला दाखवला. हाडे ओळखण्यात क्युव्हिएचा शब्द तेव्हा अखेरचा मानत. त्याने दात पाहिला आणि गेंड्याचा ठरवला. दुसऱ्या दिवशी त्यालाच शंका आली म्हणतात, पण मँटेलपर्यंत पोचला तो पहिला निकाल.

गावातला एक डॉक्टर, चांभाराचा मुलगा, कोणत्याही विद्यापीठाचा नाही, आणि समोर युरोपातला सर्वांत मोठा अधिकारी. मँटेल मागे हटला नाही, कारण त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी त्या बड्यांपैकी कोणाजवळ नव्हती. त्याला जागा माहीत होती. दात वरच्या मोकळ्या गाळातून आलेला नाही, खाणीतल्या घट्ट दगडातून आला आहे, आणि तो दगड खडूच्या थरांच्याही खालचा, म्हणजे खडूहून जुना आहे, हे त्याने वर्षानुवर्षे खाणीमागून खाण पाहून ठरवलेले होते. तितक्या जुन्या दगडात गेंडा असणे शक्य नव्हते. नुसता दात हातात धरणाऱ्याला चूक करायला वाव होता. दाताबरोबर त्याची खाणही पाहिलेल्याला तो नव्हता.

१८२४ मध्ये आणखी दात पाहिल्यावर क्युव्हिएने पत्राने आपली चूक मान्य केली. हा वनस्पती खाणारा, आजवर अज्ञात असा सरपटणारा प्राणी असू शकेल, असे त्याने कळवले. ही दिलदारी प्रत्येक मोठ्या माणसाजवळ नसते. मग मँटेल लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात गेला आणि सरपटणाऱ्यांच्या दातांचे खण उपसू लागला. जुळणारे काही मिळेना. तिथे सॅम्युअल स्टचबरी हा तरुण साहाय्यक होता. त्याने वेस्ट इंडीजकडच्या इग्वाना नावाच्या पाला खाणाऱ्या सरड्याचा सांगाडा पुढे केला. दात अगदी तसाच, फक्त वीसपट लहान! १० फेब्रुवारी १८२५ रोजी रॉयल सोसायटीपुढे मँटेलचा निबंध वाचला गेला. प्राण्याचे नाव इग्वानोडॉन, म्हणजे इग्वानाच्या दाताचा. त्याच वर्षी तो सोसायटीचा फेलो झाला. सरड्याच्या हिशेबाने प्राण्याची लांबी त्याने साठ फुटांपर्यंत नेली होती, ती प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट होती. अंगठ्याचा अणकुचीदार काटा त्याने नाकावर शिंग म्हणून बसवला, तीही चूक. ती सुधारायला बेल्जियममध्ये पूर्ण सांगाडे मिळेपर्यंत, म्हणजे १८७८ पर्यंत, थांबावे लागले.

१८३२ मध्ये पुन्हा एका खाणीत सुरुंगाने दगड फुटल्यावर पाठीवर काटे असलेल्या प्राण्याचे अवशेष पन्नासेक तुकड्यांत मिळाले. ते जोडून त्याने हायलिओसॉरस उभा केला. १८३४ मध्ये मेडस्टोनच्या खाणीतून इग्वानोडॉनच्या हाडांनी भरलेली एक शिळाच निघाली. खाणमालकाने २५ पौंड मागितले, मँटेलपाशी ते नव्हते, मित्रांनी वर्गणी काढून ती शिळा त्याला घेऊन दिली.

पैसे नव्हते याचे कारण, १८३३ मध्ये तो ल्यूइसची बसलेली प्रॅक्टिस सोडून ब्रायटनला गेला होता. ब्रायटन हे राजाच्या राबत्याचे, श्रीमंतांचे गाव. चांगले रोगी मिळतील, बड्या ओळखी होतील, हा त्याचा बेत. झाले उलटे. घरातला संग्रह पाहायला लोकांची रीघ लागली, औषधाला कोणी येईना. ज्याचा दिवाणखाना हाडांनी भरलेला आहे त्याच्याकडे दुखणे घेऊन जायला माणसे कचरली असतील, तर त्यांना फार दोष देता येत नाही. शेवटी घराचे रीतसर संग्रहालय झाले आणि बायको-मुलांना दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले. १८३८ मध्ये त्याने सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला ४००० पौंडांना विकला आणि लंडनजवळ क्लॅपहॅमला एक प्रॅक्टिस विकत घेतली.

घर मात्र सावरले नाही. १८३९ मध्ये मेरी ॲन त्याला सोडून गेली. थोरला मुलगा वॉल्टर न्यूझीलंडला निघून गेला. धाकटी मुलगी हॅना दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळली होती, ती १८४० मध्ये वारली. दुसऱ्यांच्या घरची शेकडो दुखणी निस्तरलेला डॉक्टर स्वतःच्या घरात एकटा उरला. या सगळ्याला दगडांचा नादच जबाबदार होता असे म्हणणे सोपे आहे. नाद होताच, पण अंथरुणातल्या मुलीला तो नाद सोडूनही वाचवता आले नसते.

११ ऑक्टोबर १८४१ रोजी क्लॅपहॅमच्या मैदानाजवळ त्याच्या घोडागाडीला अपघात झाला. लगामात अडकून तो खाली पडला आणि फरफटत गेला. त्यानंतर पायांत बधिरपणा, अशक्तपणा आणि कमरेतून उठणाऱ्या कळा कायमच्या मागे लागल्या. कमरेला कण्याशेजारी एक टणक फुगवटा आला. त्या काळच्या नावाजलेल्या डॉक्टरांनी तपासले. कोणी गाठ म्हणाले, कोणी आत पू झाला म्हणाले. उपचार कोणताच लागू पडेना, आराम पडे तो फक्त अफूने. अफूच्या औषधांचा एक धर्म आहे. वेदना शमवण्यासाठी मात्रा वाढवत न्यावी लागते, श्वास बंद पाडणारी मात्रा मात्र त्याच वेगाने पुढे सरकत नाही. दोहोंतले अंतर कमी-कमी होत जाते. मँटेल डॉक्टर असल्याने हे जाणत होता. तरी अकरा वर्षे त्याने याच आधारावर रोगी पाहिले, व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली.

याच वर्षांत रिचर्ड ओवेनचा उदय झाला. हुशार, दरबारी ओळखींचा आणि दुसऱ्याचे श्रेय सहज आपल्याकडे वळवणारा. १८४२ मध्ये त्याने इग्वानोडॉन, हायलिओसॉरस आणि बकलंडचा मेगॅलोसॉरस यांना मिळून डायनोसॉर हे नाव दिले, आणि जगाच्या लेखी डायनोसॉर त्याचे झाले. ओवेनच्या मते इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार जाड पायांवर उभा राहणारा होता. मँटेलने नव्या हाडांवरून दाखवले की पुढचे पाय बरेच बारीक आणि लहान होते. मँटेलचेच खरे निघाले, पण तो गेल्यावर. १८४९ मध्ये ओवेनच्या विरोधाला न जुमानता रॉयल सोसायटीने मँटेलला रॉयल मेडल दिले. १८५२ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेसाठी डायनोसॉरचे प्रचंड पुतळे घडवायचे ठरले, तेव्हा विचारणा आधी मँटेलकडे झाली होती. प्रकृतीमुळे त्याने नकार दिला आणि काम ओवेनकडे गेले. ते जाडजूड, चतुष्पाद, नाकावर शिंगाचे इग्वानोडॉन लंडनमध्ये आजही उभे आहेत.

१० नोव्हेंबर १८५२ रोजी वेदना असह्य झाल्याने घेतलेली अफू जास्त झाली आणि मँटेल बेशुद्धीतच गेला. वय ६२.

मृत्यूनंतर शव उघडले गेले, तेव्हा गाठ नव्हती, पूही नव्हता. कमरेचा कणा एका बाजूला जबरदस्त वाकला होता. आज याला स्कोलिओसिस म्हणतात. विल्यम आडम्स या सर्जनने हा कणा बारकाईने अभ्यासून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात डॉक्टरांच्या चुकीचे कारण उलगडले. असा कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. पाठीच्या मधोमध बोटाला लागणारी मणक्यांची टोके या पिळामुळे आत वळतात आणि जवळजवळ सरळ रेषेत राहतात. वरून हात फिरवणाऱ्याला पाठ सरळच वाटते. मणक्यांचे बाजूचे काटे मात्र मागे येऊन स्नायूंना वर ढकलतात. गाठ वाटत होती ती हीच. एका अपघाताने एवढा बाक येत नाही, तो बहुधा आधीपासून हळूहळू वाढत असावा आणि पडण्याने दुखणे उसळले असावे.

आडम्सने पुढे १८६५ मध्ये कण्याच्या वक्रतेवर व्याख्याने छापली. उभ्या माणसात न दिसणारा हा पीळ त्याला कमरेतून पुढे वाकवले की पाठीच्या एका बाजूचा उंचवटा होऊन दिसतो, ही तपासणी त्याच्याच नावाने ओळखली जाते. मुलाने पाय जुळवायचे, गुडघे ताठ ठेवायचे, तळहात जोडून पुढे वाकायचे, आणि डॉक्टरने मागून पाठीच्या पातळीत पाहायचे. अर्धे मिनिट लागते, उपकरण लागत नाही. दहा ते पंधरा वर्षांच्या मुला-मुलींत, वाढीच्या झपाट्यात हा बाक सापडला तर पट्टा आणि व्यायामाने तो पुष्कळदा आवरता येतो. एक खांदा वर दिसतो, कपडे एका बाजूला ओघळतात, अशी शंका आईवडिलांना आली तर ही तपासणी करून घ्यावी.

मँटेलच्या कण्याचा तो भाग हंटेरियन संग्रहालयात ठेवला गेला, जिथे एकदा त्याला इग्वानाचा दात मिळाला होता. त्या वेळी तिथला प्रमुख होता रिचर्ड ओवेन. ते मणके आता अस्तित्वात नाहीत. व्हाइटमन्स ग्रीनची खाणही कधीच बुजवली गेली. तिथे आता गवत आहे आणि एक स्मारकशिळा. दात मात्र आहेत. मँटेलच्या मुलाबरोबर न्यूझीलंडला गेलेला एक दात तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि बाकीचे लंडनला.